जुनी ॲल्युमिनियमची होडी: रंगाचा डबा उघडण्याआधी

आपण विस्कॉन्सिनमध्ये 1970 च्या दशकातली 14 फुटी, रिवेट मारलेली ॲल्युमिनियमची होडी ट्रेलरसह विकत घेतली आहे आणि ती हिवाळ्यात घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करणार आहात. आपले प्रश्न तीन आहेत: रंग कोणता लावावा, आत प्लायवूडची सपाट जमीन केली तर चालेल का, आणि त्यासाठी कुजू नये म्हणून औषध मारलेले हिरवट प्लायवूड वापरावे का. मी शेजारच्या मिनेसोटात राहतो आणि गेल्या काही वर्षांत अशा तीन होड्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्या अनुभवावरून आपल्या प्रश्नांचा क्रम मी उलटा करतो, कारण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर पहिल्या दोन प्रश्नांना काही अर्थ उरत नाही.

औषध मारलेले प्लायवूड ॲल्युमिनियमला लागून कधीही वापरू नका. अमेरिकेत 2003 च्या अखेरपर्यंत घरगुती वापराच्या लाकडाला आर्सेनिक, क्रोमियम आणि तांबे यांचे मिश्रण दिले जात असे. ते मागे पडल्यावर जी औषधे आली, त्यांत तांब्याचे प्रमाण बरेच जास्त आहे. तांबे आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की तिथे विद्युतघट तयार होतो, आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियमच. माझ्या पहिल्या होडीत मी बाकांसाठी हेच प्लायवूड वापरले होते, कारण लाकूड टिकेल एवढाच विचार मी केला होता. तिसऱ्या हंगामानंतर एक बाक उचलला, तेव्हा लाकूड खरोखरच उत्तम स्थितीत होते. मात्र त्याच्या कडेखाली पत्र्यावर पांढऱ्या पुडीची बोटभर रुंद रेघ उमटली होती, आणि ती पूड पुसल्यावर दोन ठिकाणी टाचणी आरपार गेली. पन्नास वर्षे टिकलेला पत्रा मी तीन वर्षांत खराब केला, याचे वाईट अजूनही वाटते. म्हणून साधे बाहेरच्या वापराचे किंवा मरीन प्रतीचे, औषध न मारलेले प्लायवूड घ्या आणि त्याला सर्व बाजूंनी इपॉक्सीचे (दोन द्रव मिसळले की घट्ट होणाऱ्या जलरोधक राळेचे) दोन-तीन हात द्या.

आता कामाची सुरुवात. होडीची मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन अडकवतात ती ट्रान्सम, सर्वांत आधी तपासा. बाहेरून दिसतो तो पत्रा असतो. इंजिनाचा खरा भार घेते ते त्याच्यामागचे लाकूड. इंजिनाच्या पकडीखालचा एखादा बोल्ट काढा आणि त्या भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. चांगले लाकूड कण्हल्यासारखा आवाज करते आणि टोक आत जाऊ देत नाही. माझ्या दुसऱ्या होडीत टोक मुठीपर्यंत गेले, आणि बाहेर ओढले तेव्हा त्याला चहाच्या चोथ्यासारखे काळे, ओले लाकूड चिकटून आले, ज्याला जमिनीखालच्या तळघराचा वास होता. वरून मात्र त्या ट्रान्समवर कोणीतरी सुंदर निळा रंग मारलेला होता. 9.9 अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक इंजिन साधारण 100 पौंडांचे असते, आणि वेग घेताना ते ट्रान्समला जो पीळ देते तो या वजनाहून कितीतरी अधिक असतो. कुजलेल्या ट्रान्समसह पाण्यात जाणे म्हणजे इंजिन तळ्यात सोडून येण्याची तयारी करणे.

जुने लाकूड काढताना ते तुकडे झाले तरी फेकू नका. तेच नव्या लाकडाचा साचा असते. बहुतेक 14 फुटी होड्यांत पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर एकत्र चिकटवून दीड इंच जाडी केलेली असते, पण आपल्या होडीची जाडी मोजूनच ठरवा. कापण्याआधी इंजिनाच्या दांड्याची लांबी पाहा: आखूड दांड्याला साधारण 15 इंच उंचीचा ट्रान्सम लागतो, लांब दांड्याला 20 इंच. दोन्ही थर इपॉक्सीने किंवा जलरोधक सुतारी गोंदाने चिकटवून भरपूर क्लॅम्प लावा. बोल्टची भोके आधी थोडी मोठी पाडा, ती जाड केलेल्या इपॉक्सीने भरा, आणि ती घट्ट झाल्यावर त्यातूनच योग्य मापाचे भोक पाडा. या पद्धतीने बोल्टच्या बाजूने पाणी शिरले तरी ते लाकडापर्यंत पोहोचत नाही. कामाला वेळ लागतो, पण कुजणे बहुतेकदा अशा भोकांपासूनच सुरू होत असल्यामुळे इथे मी तरी कधीच घाई करत नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या, आणि प्रत्येकाला मरीन सीलंट लावून मगच बसवा, म्हणजे पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये ओलावा साठणार नाही. साधे जस्त लावलेले स्क्रू चार पैसे वाचवतात आणि दोन हिवाळ्यांत गंजतात.

बाकांच्या पोटात फोम असेल. तो काढून जागा सामानासाठी वापरावी, असा मोह पुष्कळांना होतो. तो आपण टाळावा. होडी पाण्याने भरली तरी ती आणि तिला धरून असलेली माणसे वर राहावीत, यासाठीच तो फोम असतो. मात्र जुना फोम पाणी पितो. एक घनफूट पाण्याचे वजन 62 पौंडांहून थोडे जास्त भरते, तेव्हा दोन बाकांतला भिजलेला फोम एखाद्या प्रवाशाएवढा भार वर्षानुवर्षे फुकट वाहत असतो. एक ठोकळा काढून हातात तोला आणि चाकूने मधोमध कापा. आत ओल असेल, तर सगळा बदला. घरांच्या भिंतीत वापरतात तो निळा किंवा गुलाबी कठीण फोम मापाने कापून बसवता येतो, पण तो पेट्रोलने विरघळतो, म्हणून इंधनाची टाकी जिथे असेल तिथे त्याला उघडा ठेवू नका. जेवढा फोम काढाल तेवढा तरी परत घातलाच पाहिजे, आणि खाली पाणी वाहून जायला वाट ठेवली पाहिजे.

यानंतर गळती, आणि या कामात मला सर्वांत जास्त आनंद मिळतो. होडी ट्रेलरवर ठेवूनच तिच्या आत बागेच्या नळीने पाणी भरा आणि खालून थेंब कुठे पडतात ते पाहा. तीन-चार इंचांहून जास्त पाणी भरू नका: 10 फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद सपाट तळावर चार इंच पाणी म्हणजे 700 पौंडांच्या वर वजन होते, आणि तळाला ट्रेलरचा आधार नीट नसेल तर पत्रा वाकू शकतो. तळ बाहेरून आधी कोरडा पुसून घ्या. मग पाठीवर झोपून, टॉर्च घेऊन, थेंब जिथून निघतो त्या प्रत्येक रिवेटभोवती मार्करने गोल करा. थेंब पत्र्यावरून ओघळून दुसरीकडे पडतो, म्हणून घाई न करता पुसत जा आणि पुन्हा पाहा. माझ्या 1974 च्या होडीत 31 गोल झाले होते. त्यातले दोन सोडून बाकी सगळे रिवेट फक्त सैल होते.

सैल रिवेट म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कोणालाही समजावे लागत नाही. ॲल्युमिनियमच्या कढईचा कान वापरून वापरून हलू लागतो, तोच हा प्रकार. या होड्यांची जन्मकथाही त्याच कारागिरीची आहे. दुसरे महायुद्ध संपता संपता विमाने बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने त्याच पत्र्याच्या आणि रिवेटच्या कसबावर ॲल्युमिनियमच्या कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या, करायला घेतल्या. मिनेसोटात ॲल्युमाक्राफ्ट 1946 साली आणि न्यूयॉर्क मिल्स या छोट्या गावातली लुंड 1948 साली सुरू झाली. विमानाचा पंख ज्या रीतीने जोडला जात होता, त्याच रीतीने आपल्या होडीचा तळ जोडलेला आहे, आणि म्हणूनच तो आजही घरी दुरुस्त होऊ शकतो.

सैल रिवेट पुन्हा बसवायला दोन माणसे लागतात. एकाने बाहेरून रिवेटच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा आणि दुसऱ्याने आतून रिवेटच्या शेपटीवर हातोडीचे नेमके, मध्यम जोराचे तीन-चार घाव घालायचे. ठोकळा माझी बारा वर्षांची मुलगी धरायची, आणि काही रिवेटनंतर तिला घाव न पाहताच कळू लागले: सैल रिवेटचा आवाज बद्द येतो, तो बसला की आवाज एकदम खणखणीत होतो. ‘बाबा, बसला,’ असे ती होडीखालून सांगायची आणि तो अंदाज क्वचितच चुकायचा. फार ठोकले तर पत्रा ताणला जातो आणि शेजारचा रिवेट सैल होतो, म्हणून आवाज बदलला की थांबा. जे रिवेट झिजून गेले असतील ते ड्रिलने काढून नवे भरीव ॲल्युमिनियमचे घाला. दोन्ही पत्र्यांच्या जाडीबाहेर रिवेटच्या व्यासाच्या दीडपट दांडा उरला पाहिजे, हे माप विसरू नका. जिथे आतून हात पोहोचत नाही तिथे एकाच बाजूने बसवता येणारे, बंद तोंडाचे पॉप रिवेट सीलंट लावून वापरा. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारे साधे पॉप रिवेट मधून पोकळ असतात आणि त्यांत पोलादाची काडी राहते. ते पाण्याखाली कामाचे नाहीत. सगळे रिवेट बसल्यावर आतल्या सांध्यांवर पातळ इपॉक्सी सीलर ब्रशने लावावा आणि पाण्याची चाचणी पुन्हा घ्यावी. सीलर हा रिवेट बसवण्याला पर्याय नाही. हलणाऱ्या रिवेटवर तो एका हंगामात तडकतो. पत्र्याला चीर असेल तर वेल्डिंग ॲल्युमिनियमचा सराव असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, आणि त्याआधी तिथला फोम व इंधन पूर्ण काढा.

जमिनीविषयी थोडक्यात सांगतो. तळाच्या फासळ्यांवर बेताची, काढता येणारी पातळ जमीन चालेल. उभे राहून गळ टाकण्यासाठी बाकांच्या उंचीवर मोठा चौथरा मात्र 14 फुटी होडीत मी करणार नाही, कारण त्याने माणसाचे वजन वर जाते आणि अरुंद होडी डुलू लागते. होडी किती वजन पेलते हे सांगणारी क्षमतेची पट्टी तिच्यावर असेल, तर त्यावरच्या आकड्यातून आपण घातलेले सगळे लाकूड मनात वजा करत जा.

आता रंग. गोड्या तळ्यात दिवसभर फिरून रात्री ट्रेलरवर परतणाऱ्या होडीच्या तळाला रंगाची खरे तर गरज नसते, आणि तळ उघडा ठेवला तर पुढची गळती लवकर दिसते. वरच्या भागाला रंग द्यायचा असेल, तर जुना रंग काढताना कॉस्टिक सोडा असलेले कोणतेही द्रावण वापरू नका. कुकरमध्ये सोडा घातला की तो आतून काळा का पडतो, ते आपल्या घरात सर्वांना ठाऊक आहे. कॉस्टिक सोडा त्या खाण्याच्या सोड्याहून कितीतरी तीव्र असतो आणि तो पत्राच खातो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून ओला पॉलिशपेपर आणि चांगला मास्क वापरा, आणि ते पाणी बागेत सोडू नका. साध्या लोखंडी तारेचा ब्रश पत्र्यात लोखंडाचे कण रुतवतो. त्याऐवजी नायलॉनचा घासणी-पॅड बरा. घासलेल्या ॲल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा थर चढू लागतो आणि त्यावर रंग नीट धरत नाही. त्यामुळे घासणे, ग्रीस पुसणे आणि ॲल्युमिनियमसाठीचा सेल्फ-एचिंग प्रायमर (पत्र्याला किंचित खाऊन घट्ट धरणारा पहिला थर) लावणे हे एकाच दिवसात उरका. त्यावर ट्रॅक्टरचा एनॅमलसुद्धा उत्तम टिकतो. तळाला शेवाळ वगैरे चिकटू नये म्हणून लावतात तो तांबेयुक्त अँटिफाउलिंग रंग मात्र नको. कारण वर दिलेच आहे.

बहुतेक इपॉक्सी 50 अंश फॅरनहाइटच्या खाली नीट घट्ट होत नाहीत, आणि आपल्या भागातले जानेवारीतले गॅरेज कसे असते हे वेगळे सांगायला नको. ट्रान्समचे लाकूड तळघरात कापा, तिथेच चिकटवा, रिवेटचे काम मार्चमध्ये घ्या आणि रंग एप्रिलच्या शेवटी. मे महिन्यातल्या वॉलाय माशाच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी रंग ओला असला तरी होडी गळणार नाही, हे महत्त्वाचे.

पैसे खर्च करण्याआधी ट्रान्समच्या उजव्या बाजूला असलेला होडीचा क्रमांक कागदांशी जुळतो का ते पाहा. 1 नोव्हेंबर 1972 पासून हा क्रमांक सक्तीचा आहे. होडी त्याआधीची असेल तर तो वेगळ्या रूपात असू शकतो. त्यावर रंग चढवू नका. ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग उघडून जुने ग्रीस धुऊन नवे भरा.

ट्रान्समचा आतून काढलेला फोटो, त्या स्क्रूड्रायव्हरच्या चाचणीत काय आढळले ते, आणि इंजिनाच्या दांड्याची लांबी एवढे कळवा. त्यावरून लाकूड पूर्ण बदलायचे की वरची फळी बदलून भागेल, ते मी सांगू शकेन.