गाडी घरीच बनवली, तर विक्रीचा दाखला आणायचा कुठून?

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि कागदपत्रं

प्रश्न : ताई, माझ्या बाबांचं सगळं आयुष्य लेथवर गेलं. आमचं छोटं वर्कशॉप आहे. ते मी बघायला लागल्यावर बाबांनी मनात धरून ठेवलेलं काम काढलं आणि स्वतःची चारचाकी बनवली. चौकोनी पाइपाची फ्रेम, मारुती 800 चं इंजिन आणि गिअरबॉक्स, पत्रा हाताने ठोकलेला. ब्रेक नीट लागतात, लाइट-इंडिकेटर सगळं चालतं. फॉर्म 20 भरून आम्ही आरटीओत गेलो, तर खिडकीवर फॉर्म 21 आणि 22 मागितले. 21 म्हणजे विक्रीचा दाखला. बाबा म्हणाले, "अहो, मीच बनवलीय, मला कोण विकणार?" तिथून दुसऱ्या टेबलावर, तिथून तिसऱ्या. एक साहेब बाहेर आले, गाडीभोवती फिरले, मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाले, "काका, गाडी एक नंबर, पण होणार नाही." का होणार नाही ते कुणी सांगत नाही. अर्जही ठेवून घेत नाहीत. आता एक एजंट म्हणतो, भंगारात निघालेल्या व्हॅनचं आरसी बुक आहे, तो चेसिस नंबर तुमच्या फ्रेमवर मारू आणि पासिंग करून देतो. बाबा त्याच्याकडे जायला निघाले होते, मी कसंबसं थांबवलंय. काय करू?
— एक वाचक, मिरज तालुका

उत्तर : आधी एजंटाचं बोलू. बाबांना त्याच्या दारात जाऊ देऊ नका.

मी बरीच वर्षं मोटार वाहन निरीक्षक होते. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि ठसा घ्यायचा, हे रोजचं काम. कंपनीत मारलेले आकडे एका ओळीत असतात, सारख्या खोलीचे असतात. हाताने पंच मारलेल्यात एखादा आकडा तिरका बसतो, एखादा जास्त खोल जातो. जुना नंबर ग्राइंडरने घासून काढला असेल तर ती जागा रंगाखालीही बोटाला पातळ लागते. दोन मिनिटांत कळतं. आणि समजा, पासिंगच्या दिवशी नाही कळलं, तरी अपघाताच्या दिवशी कळतंच. विमा कंपनीचा माणूस आरसीवरची गाडी आणि समोरची गाडी ताडून बघतो. कागदावर व्हॅन, समोर घरी बनवलेली गाडी. मग कुणाला इजा झाली असेल, तर भरपाईचा बोजा शेवटी बाबांवर येतो आणि खोटा नंबर मारल्याचा फौजदारी गुन्हा वेगळा. ती व्हॅन रीतसर भंगारात गेली असेल तर तिची नोंदणी रद्द झालेली असते, म्हणजे तिच्या कागदाला काडीची किंमत नाही. आणि नोंदणी रद्द झालेली नसेल, तर रेकॉर्डवर अजून दुसऱ्याच माणसाचं नाव आहे. ज्याने हयातभर मापात काम केलं, त्याच्या हातून हे होऊ नये.

आता, का होत नाही. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी, खुर्ची देऊन, सांगायला हवं होतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यातला नियम 126 म्हणतो की, गाडी बनवणाऱ्याने तिचा नमुना ठरलेल्या चाचणी संस्थेकडून तपासून घ्यायचा. त्यातल्या जुन्या, नावाजलेल्या संस्था आपल्याच राज्यात आहेत. पुण्याची एआरएआय, जिच्या नावाने कोथरूडची टेकडी ओळखतात, आणि अहिल्यानगरची (पूर्वीचं नगर) व्हीआरडीई. तिथे नमुना पास झाला की त्या मॉडेलची मंजुरी निघते आणि मग त्याच मॉडेलच्या हजारो गाड्या त्या एका मंजुरीवर विकल्या जातात. फॉर्म 21 विकणारा देतो. फॉर्म 22, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे याचा दाखला, कंपनी देते. ही सगळी रचना कारखान्यासाठी आहे. एका माणसाने एकच गाडी बनवली तर काय, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

बाबांनी पैसे जमवून गाडी चाचणीला नेली तरी काय होईल? प्रवासी कारसाठी समोरून धडकेची चाचणी आहे. ताशी 56 किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आपटतात. नव्या मॉडेलना ती ऑक्टोबर 2017 पासून आणि आधीच्या मॉडेलना ऑक्टोबर 2019 पासून लागू झाली. बाजूने धडकेची वेगळी. कंपनी चार नमुने आपटते आणि पाचवा विकते. बाबांकडे एकच गाडी आहे. ती पास झाली तरी तिचा चेंदामेंदा झालेला असणार. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून धुरासाठी बीएस-6 हा नियम आहे, आणि मारुती 800 चं जुनं इंजिन त्यात बसवायचं म्हणजे अशक्यच. एअरबॅग, एबीएस हे तर पुढचं.

खिडकीवरच्या क्लार्कचंही एक सांगते, कारण राग त्याच्यावर निघतो. नोंदणी आता 'वाहन' या संगणक प्रणालीत होते. मंजूर मॉडेलची माहिती कंपन्यांनी आधीच भरलेली असते. क्लार्क यादीतून कंपनी निवडतो, मग मॉडेल. त्या यादीत तुमच्या बाबांचं नाव नाही आणि हाताने टाइप करायला जागा नाही. त्याने मनात आणलं तरी गाडी पुढे सरकत नाही. पण हे त्याने तुम्हाला पडदा फिरवून दाखवायला काय हरकत होती? माणसाला दहा टेबलं फिरवण्यापेक्षा ते सोपं आहे. नोकरीत असताना मी हे वाद घातलेत, आजही घालीन.

आणि अर्ज ठेवून न घेणं, हे तर साफ चूक आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 45 प्रमाणे नोंदणी नाकारता येते, नियमात बसत नाही म्हणून नाकारणं हा अधिकार आहेच. पण त्याच कलमात पुढे आहे की, नाकारल्याचा आदेश आणि त्याची कारणं अर्जदाराला द्यायला हवीत. कलम 57 प्रमाणे त्या आदेशावर 30 दिवसांत अपील करता येतं. तोंडी "होणार नाही" यावर अपील कशाचं करणार? म्हणून अर्ज आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. आवकवाला घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. सोबत एका पानावर लिहा : गाडी कुणी बनवली, कशापासून, इंजिन कुठून आणलं, फॉर्म 21 आणि 22 का जोडता येत नाहीत.

यातून नंबर मिळेल असं मी म्हणत नाही. मिळणार नाही. पण लेखी नकारात कुठला नियम आड येतो ते छापलेलं असेल, आणि रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे मागणी करायची तर हातात तोच कागद लागतो. आज अशा किती गाड्या दारातून परत जातात याची कुठे नोंदच होत नाही, कारण अर्जच घेतले जात नाहीत. मग वर बसलेल्यांना वाटतं, असा प्रश्नच नाही.

तुमच्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याची गोष्ट बाबांना माहीत असेल. डिसेंबर 2021 मध्ये तिथल्या कारागिराने भंगारातून बनवलेल्या, किकने चालू होणाऱ्या छोट्या जीपचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, आणि ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, असंही लिहिलं. ती जीप घेऊन त्यांनी बदल्यात बोलेरो दिली. चांगलंच केलं. पण प्रत्येक कारागिराला बोलेरो मिळणार नाही, आणि बहुतेकांना ती नकोही असते. त्यांना आपलीच गाडी हवी असते.

तोवर गाडीचं काय करायचं? रस्त्यावर काढू नका, गावातल्या गावातही नाही. नोंदणी नसलेली गाडी चालवली तर कलम 192 खाली पहिल्यांदा 2000 ते 5000 रुपये दंड आहे, पुन्हा सापडलात तर 5000 ते 10000 किंवा वर्षापर्यंत कैद, आणि कलम 207 खाली गाडी जागेवर अडकवून ठेवता येते. पोलीस आवारात वर्षभर उभी राहिलेली गाडी कशी दिसते, हे बाबांनी बघू नये असं मला वाटतं. "आमच्या शेतातच चालवतो" असं पुष्कळ जण म्हणतात. कलम 39 मध्ये सार्वजनिक ठिकाण "किंवा अन्य कोणतंही ठिकाण" असे शब्द आहेत, त्यामुळे शेत म्हटलं की सुटलो असं नाही. मात्र फक्त बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी असलेलं खास प्रकारचं वाहन मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळलेलं आहे. वर्कशॉपच्या कुंपणाच्या आत, फाटक लावून, बाबांना ती चालवू द्या. कृषी प्रदर्शनात किंवा शाळेत दाखवायला न्यायची तर टेम्पोत चढवून न्या. दोरी बांधून ओढत नेऊ नका, रस्त्याला चाक लागलं की प्रश्न सुरू होतो.

आणि बाबांचे हात स्वस्थ बसणार नाहीत, तेव्हा पुढचं काम नोंदणी असलेली गाडी घेऊन करा. तिची चेसिस आणि मूळ ढाचा तसाच ठेवायचा. परवानगी घेऊन मंजूर सीएनजी किट बसवता येतं, मंजूर इलेक्ट्रिक किट बसवता येतं, त्याच जातीचं इंजिन बदलता येतं. फ्रेम कापणं, लांबी वाढवणं, छप्पर उडवणं नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये कलम 52 चा अर्थ स्पष्ट केला : कंपनीने जे तपशील देऊन मंजुरी घेतली, त्याला सोडून गाडीत फेरफार चालणार नाहीत.

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. त्याने गॅरेजमध्ये किट आणून स्पोर्ट्स कार जोडली आणि तिला रीतसर नंबर मिळाला. तिथे होतं, मग आपल्याकडे का होत नाही? की तिथे कुणी विचारतच नाही?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : विचारतात, आणि बारकाईने विचारतात. तिथे 2009 पासून 'इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल' नावाची चाचणी आहे, म्हणजे मॉडेलची नव्हे, त्या एका गाडीची तपासणी. हौशी माणसाने बनवलेल्या गाडीसाठी त्यात वेगळा वर्ग आहे. गाडी तुम्हीच बनवली याचा पुरावा लागतो. म्हणून बनवताना काढलेले फोटो आणि भागांच्या पावत्या लोक पहिल्या दिवसापासून जपतात. मग ब्रेक, आरसे, सीटचे पट्टे, धूर, आवाज, स्पीडोमीटर. बाहेरच्या कडांची तपासणी तर बघण्यासारखी असते. 100 मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे जिथे टेकू शकतो, त्या कडेची गोलाई निदान 2.5 मिलिमीटर हवी, कारण पादचाऱ्याला धार लागता कामा नये. पुष्कळ गाड्या पहिल्या फेरीत नापास होतात. पण काय दुरुस्त करायचं ते लेखी मिळतं, माणूस घरी जाऊन कानस घेऊन बसतो आणि पुन्हा येतो. जिचं वय किंवा ओळख पक्की करता येत नाही, तिला 'क्यू' अक्षराने सुरू होणारा नंबर देतात. विकत घेणाऱ्यालाही मग कळतं की गाडी कशी आहे. भाच्याला विचारा, त्याच्याकडे या सगळ्याची जाडजूड फाइल असणार.

अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या धूर-नियमांत कडक राज्यातही घरी बनवलेल्या गाड्यांसाठी वर्षाला 500 प्रमाणपत्रांचा कोटा आहे. जानेवारीत कचेरी उघडली की लोक रांग लावतात.

मी हे सांगते तेव्हा माझे जुने सहकारी म्हणतात, आपल्याकडे असं दार उघडलं तर चोरीच्या इंजिनांच्या गाड्या त्यातून येतील. ही भीती खोटी नाही. चोरीची इंजिनं मी पाहिलेली आहेत. पण ती आजही येतात, मिरजेच्या त्या एजंटाच्या दारातून, खऱ्या गाडीचा खोटा नंबर अंगावर घेऊन, आणि ती गाडी कुणीही तपासलेली नसते. आपल्याकडे 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये वेगळी तरतूद झालीच ना? 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर, 20000 रुपये फी, आणि रोजच्या वापराला बंदी. जुन्या मोटारी जपणाऱ्यांसाठी जे जमलं, ते नवीन हातांनी बनवणाऱ्यांसाठीही जमेल. वर्षाला मोजक्या गाड्या, वेगावर मर्यादा, जिल्ह्याबाहेर बंदी, दरवर्षी तपासणी, प्रत्येक भागाची पावती. एवढ्या अटी घाला. कारागीर त्या पाळतील. मापात काम करणं त्यांना शिकवावं लागत नाही.

म्हणून मिरजेच्या वाचकांना, आणि ज्यांच्या शेडमध्ये असं काही उभं राहतंय त्या सगळ्यांना सांगते : इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग ज्याच्याकडून घेतलं त्याची सही असलेली पावती आणि जुन्या आरसीची झेरॉक्स आजच मिळवा. फ्रेमचं वेल्डिंग पत्रा चढायच्या आधी फोटोत घ्या. नियम कधी बदलला तर हेच मागतील, आणि तेव्हा भंगारवाला सापडणार नाही.

प्रश्न : आम्ही इंजिनिअरिंगच्या मुलींनी बाहा या विद्यार्थ्यांच्या गाडी-बनवण्याच्या स्पर्धेसाठी बग्गी बनवली आहे. कॉलेजचं वर्कशॉप आणि मैदान यांच्यात फक्त एक रस्ता आहे. तेवढा ओलांडला तर चालेल का? गाडीवर कॉलेजचं नाव आहे.
— तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नाही चालणार. स्पर्धेचं तांत्रिक निरीक्षण आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलेजच्या नावाने विमा मिळत नाही, आणि त्या रस्त्यावर एखादा सायकलवाला आडवा आला तर जबाबदारी चालवणारीची. नोंदणी न झालेली गाडी रस्त्यावर नेण्यासाठी डीलर वापरतात ते ट्रेड सर्टिफिकेटही तुम्हाला लागू नाही. स्पर्धेला जाताना बग्गी ट्रकवर जाईलच, तोच ट्रक किंवा एखादी ट्रॉली मैदानापर्यंतही लावा. चढवताना चारही चाकांना पट्टे बांधा आणि बॅटरीची तार काढा. आणि जमलं तर बग्गी बनवतानाचे फोटो मला संपादकांच्या पत्त्यावर पाठवा, सस्पेन्शन कसं केलंय ते मला बघायचंय.