मी हात लावला की मशीन वाजतं

"ती बाळाला बघायला येतच नाही, मॅडम. तुम्हीच सांगा आता तिला काहीतरी."

नवरा दारातूनच बोलत होता. ती त्याच्या मागे, भिंतीला हात टेकून उभी. सिझर होऊन नववा दिवस होता. बाळ वरच्या मजल्यावर एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आणि ही पाचव्या दिवशी डिस्चार्ज घेऊन घरी गेलेली. तो रोज दोनदा बाळाकडे जाऊन यायचा. ती सुरुवातीला दोनदा गेली, मग जाणं बंदच केलं. त्या दिवशी तिला जवळजवळ ओढूनच आणलं होतं.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदललेत. प्रश्न मात्र तसाच ठेवलाय, कारण तो घेऊन माझ्याकडे सतत कुणी ना कुणी येतं. बाळ जन्मल्या जन्मल्या पेटीत गेलं, मला जवळ घेताच आलं नाही, आता ते मला आई म्हणून ओळखेल का? याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. तो फार थोड्या जणी तोंडाने विचारतात: बाळाकडे बघून मला काहीच का वाटत नाही?

नवऱ्याची अपेक्षा होती की मी लगेच आईच्या मायेवर बोलायला लागेन. मी तिला विचारलं, झोप किती लागते, टाके कसे आहेत, अंगावरून किती जातंय, ताप येतो का. बाळंतीण समोर बसली की मी आधी शरीराचंच विचारते. 'समुपदेशकाला हे कशाला हवं' असा चेहरा नातेवाईक करतात, करोत बापडे.

"डोकं दुखतं फक्त," ती म्हणाली. "झोप नाही ना, म्हणून असेल."

कधीपासून? चार दिवस. डोळ्यांपुढे काही चमकतं का? तिने पहिल्यांदा मान वर केली. "तुम्हाला कसं कळलं?"

तिचं बाळंतपण ३१व्या आठवड्यात करावं लागलं ते बीपी चढलं म्हणून, प्रीएक्लॅम्पसिया. बाळ बाहेर आलं की बीपीचा विषय संपला असं घरोघरी समजतात. पण बीपी बाळंतपणानंतरही चढू शकतं, बरेचदा पहिल्या आठवड्यातच, आणि धोका साधारण सहा आठवडे राहतो. तिला घरी जाताना गोळ्या दिल्या होत्या. दोन दिवस घेतल्या, मग बाळाच्या रिपोर्टांच्या धावपळीत राहूनच गेल्या. तिचा डिस्चार्जचा कागद नवऱ्याच्या पिशवीत सापडला, बाळाच्या फायलीखाली, चार घड्या घातलेला.

प्रसूती विभागात नेऊन बीपी मोजलं. वरचं १६८, खालचं ११०. लगेच दाखल करून घेतलं. त्या दिवशी माझं समुपदेशन म्हणजे व्हीलचेअर मागवणं आणि नवऱ्याला एका बाजूला घेऊन सांगणं, की आता तुमचे दोन पेशंट आहेत.

तो चिडला. "ते मला माहीत नाही का?" म्हणाला. मग गप्प बसला. खरं तर त्याला माहीत नव्हतं, आणि त्यात त्याचा फारसा दोष नव्हता. बाळ एनआयसीयूत असलं की सगळं घर त्या पेटीभोवती फिरायला लागतं. पोट सात थरांत कापलेली बाई घरात चालते-फिरते, म्हणजे ती बरी आहे असं धरलं जातं. अशा वेळी कुणीतरी एकाने फक्त बाईकडे लक्ष ठेवावं. न थांबणारी डोकेदुखी, नजर धूसर होणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, एका तासात पॅड पूर्ण भिजणं, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, टाक्यातून पू, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागणं, यांतलं काहीही दिसलं तर 'बाळाला भेटून आल्यावर बघू' म्हणायचं नाही. आधी आपल्या डॉक्टरांकडे जायचं, बाळाकडे मग.

दोन दिवसांनी मी तिच्या खाटेशी जाऊन बसले. डोकं उतरलं होतं. न विचारताच ती बोलायला लागली.

तिसऱ्या दिवशी तिला पहिल्यांदा वर नेलं होतं. पेटीच्या गोल झरोक्यातून हात घालून तिने बाळाच्या दंडावर एक बोट फिरवलं. आणि मॉनिटर वाजला. सिस्टर धावत आली, बाळाला जरा हलवलं, आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणी तिला काही बोललं नाही. कुणी काही समजावलंही नाही.

"माझ्या पोटात त्याला ठेवता आलं नाही, आणि आता मी हात लावला की मशीन वाजतं," ती म्हणाली. "मी नाही गेले तर तो सुखरूप राहतो."

म्हणजे जिला सगळे दगड म्हणत होते, ती बाळाला स्वतःपासून वाचवत होती.

'असं काही नसतं गं' हे वाक्य अशा वेळी अगदी जिभेवर येतं. मी ते गिळलं, कारण तिने पाहिलेलं पूर्ण खोटं नव्हतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असतं. ते मध्येच श्वास घ्यायचं विसरतं. हा खंड २० सेकंद किंवा त्याहून लांबला की डॉक्टर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात, आणि त्यावर कॅफीन देतात. हो, कॉफीतलंच. हे कुणी हात लावला नाही तरी होतं. शिवाय पायाला गुंडाळलेला सेन्सर सरकला तरी मॉनिटर बोंबलतो. पण बोटाने हलकं कुरवाळणं इतक्या लहान बाळाला खरंच सोसत नाही. त्याच्या कातडीला ते गुदगुल्यांसारखं, टोचल्यासारखं होतं आणि ऑक्सिजन खाली येऊ शकतो. त्याला हवा असतो स्थिर हात. हे तिला आधी कुणी सांगितलं असतं तर ते आठ दिवस वाचले असते.

त्या संध्याकाळी एनआयसीयूतल्या एका सिस्टरला मी विनंती केली, आणि ती तिच्यासोबत वीस मिनिटं उभी राहिली. एवढ्या गर्दीत वीस मिनिटं काढणं काय असतं ते तिथं काम करणाऱ्यांनाच ठाऊक. "ताई, हात आधी एकमेकांवर चोळून गरम करा. एक डोक्याला टेकवा, दुसरा पायांशी. चोळायचं नाही, थोपटायचं नाही. नुसता ठेवायचा." मॉनिटर एकदा वाजलाच. तिने हात ओढून घेतला. सिस्टर जागची हलली नाही. "आधी बाळाकडे बघा, मग आकड्यांकडे. रंग कसा आहे? गुलाबी? छाती हलतेय? मग थांबा जरा." ऑक्सिजनचे ८७चे ९३ झाले. तिने हात परत ठेवला.

आता तो पहिला प्रश्न, ओळखेल का. जन्मानंतरचे पहिले काही तास हुकले की नातं हुकलं, ही समजूत आभाळातून पडलेली नाही. १९७०च्या दशकात मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या अमेरिकी डॉक्टरांनी अशी एक नाजूक वेळ असते असं मांडलं होतं. त्यामुळे रुग्णालयांची दारं आयांसाठी उघडायला मदत झाली, हा मोठा फायदा. पण पहिल्या तासांवरचा तो जोर पुढे त्यांनी स्वतःच कमी केला, आणि नंतरच्या संशोधनातूनही तसं काही दार कायमचं बंद होतं असं दिसलं नाही. लोकांच्या मनात मात्र भीतीच तेवढी उरली. उलट बाजूचं कुणी सांगत नाही. पोटातल्या बाळाला सातव्या महिन्यापर्यंत ऐकू यायला लागलेलं असतं, आणि नवजात बाळ आईचा आवाज इतर आवाजांतून निवडतं, हे १९८० साली प्रयोगाने दाखवलं गेलंय. हे तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग मी बोलू काय त्याच्याशी?" काहीही, म्हटलं. पहिले दोन दिवस ती त्याला स्वतःच्या बीपीचे आकडे सांगायची.

दुधाचं प्रकरण वेगळंच. चौथ्या दिवशी बाटलीच्या तळाशी चार थेंब बघून तिने पंप ठेवून दिला होता. चीकदूध थेंबांतच येतं आणि ते थेंबच मोलाचे असतात, बाळाच्या गालांच्या आतून लावले तरी उपयोगी पडतात. बाळ अंगावर ओढत नसेल तेव्हा २४ तासांत किमान ८ वेळा दूध काढावं लागतं, त्यात एकदा रात्री. हे गणित ऐकायला सोपं वाटतं, टाके दुखत असताना पहाटे तीनला करायचं म्हणजे काय ते बायकांना विचारा. तिने पुन्हा सुरू केलं. पण पूर्ण दूध तिला शेवटपर्यंत आलं नाही. निम्मं तिचं, निम्मं मिल्क बँकेतलं, असं बाळ वाढलं. सासूबाई "रडू नकोस, दूध आटेल" म्हणायच्या, काळजीपोटीच. रडल्याने दूध आटत नाही. ताणामुळे पान्हा सुटायला वेळ लागतो, एवढंच. मी सासूबाईंना वेगळं काम दिलं: ती पंप घेऊन बसली की खोलीत कुणाला येऊ द्यायचं नाही. ते काम त्यांनी इतकं चोख केलं की एकदा मलाही बाहेर थांबवलं.

चौदाव्या दिवशी नाकावरची श्वासाची नळी निघाली आणि बाळ पहिल्यांदा तिच्या छातीवर आलं, कातडीला कातडी लावून, कांगारू पद्धतीने. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८च्या सुमारास डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी हे सुरू केलं ते इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. आज ती नड भागवण्याची युक्ती राहिलेली नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या अभ्यासात १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू दिलं, तेव्हा मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. २०२२पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते, शक्य तितक्या लवकर सुरू करा, दिवसाचे ८ ते २४ तास द्या. हिच्या बाळाला ते उशिरा मिळालं, त्यातले काही दिवस तर आई स्वतःच दाखल होती म्हणून. पहिल्या दिवशी टाक्यांवर उशी, मागे रेललेली खुर्ची, आणि चेहरा असा की कुणीतरी काचेचं भांडं मांडीत दिलंय. एक तासाने ती म्हणाली, "पाय बधिर झालाय. पण उठवू नका."

इथं गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. संपली नाही.

बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारं रडू बहुतेक जणींचं दोन आठवड्यांत ओसरतं. मी अकराव्या दिवशी तिच्याकडून एडिंबरा प्रश्नावली भरून घेतली होती. बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरायला केलेली १९८७ सालची ही साधी १० प्रश्नांची यादी, मागच्या सात दिवसांबद्दल विचारणारी, जास्तीत जास्त गुण ३०; गुण जितके जास्त तितकी काळजी जास्त. तिचे १५ होते. विसाव्या दिवशी पुन्हा भरली. बाळ छातीवर येत होतं, वजन चढत होतं, आणि हिचे गुण १६. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिने 'कधीच नाही'वर खूण केली, पण पेन जरा थबकलं. मी सरळ शब्दांत विचारलं. असं विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही गैरसमजूत आहे. ती म्हणाली, "काही करावंसं नाही वाटत. पण मी नसते तर यांचं सोपं झालं असतं, असं येतं मनात."

त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, मी सोबत गेले. नवऱ्याने विचारलंच, दूध चालू असताना औषधं? दूध पाजताना चालणारी औषधं आहेत, कोणतं द्यायचं ते तज्ज्ञ ठरवतात. न घेतलेल्या औषधाचाही बाळावर परिणाम होतो, हे मात्र मी सांगितलं. (एक वेगळी खूणगाठ: बाळंतीण झोपेशिवाय दिवस काढतेय आणि तिला थकवाच वाटत नाही, नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल विचित्र संशय बोलते, तर समुपदेशकाची वेळ घेऊ नका. तिला एकटं न सोडता लगेच रुग्णालयात न्या.)

आणि तो नवरा. त्याच्याकडे एक वही होती. रोजचं वजन, रोजचं दूध, किती वेळा अलार्म. मला ती आधी जरा खटकली होती. पुढे कळलं, की तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तीच चाळत बसायचा. बाळाच्या आईचं सगळे विचारतात, बापाला विचारतात ते 'बिल भरलं का'. त्याच्यासाठी आम्ही स्वतंत्र दोन बैठका घेतल्या. त्यातलं काही इथं लिहिणार नाही.

बाळ घरी गेलं ते सहाव्या आठवड्यात, १९८० ग्रॅमचं. पहिल्या रात्री दोघंही जागे होते, कारण घरात मॉनिटर नव्हता. छाती हलतेय का ते आळीपाळीने टॉर्च मारून बघत होते. सकाळी फोनवर मला हे सांगताना नवरा हसत होता, ती मागून म्हणत होती, "आधी बाळाकडे बघायचं, सांगितलंय त्यांनी."

त्यानंतरच्या आठवड्यात ती एकटी आली. बीपी तपासायला. बाळ बापाजवळ ठेवून, पहिल्यांदाच. स्वतःची फाईल हातात होती. गोळ्या दोन्हीकडच्या अजून चालू होत्या. पाऊण तास बसली आणि बाळाबद्दल जेमतेम पाच मिनिटं बोलली. बाकी वेळ टाक्याच्या एका टोकाला येणारी खाज, गळणारे केस, आणि कामावर परत कधी जाता येईल, हेच.