पिशवी भरण्याआधी एवढं बघ

मानसी, खचलेल्या माणसांना आधार मिळावा, कोणी जीव देऊ नये म्हणून साखळीत (गोवा) तुमच्या वाड्यावर पिशव्या वाटायचं ठरवलंस, छान केलंस. सुरुवात चार-पाच घरांपासूनच कर.

पिशवीत महागडं काही नको. जत्रेतलं खाजं, चहापूड, आणि हाताने लिहिलेल्या दोन ओळी: 'रविवारी येते, चहा टाकून ठेव.' आणि रविवारी खरंच जा! बहुतेक नवे इथेच चुकतात. पिशवी दिली, फोटो काढला, संपलं.

- वर 'आत्महत्या प्रतिबंध' छापू नकोस. गावात कुजबुज व्हायला वेळ लागत नाही.
- गोळ्या-औषधं आत नकोत, डोकेदुखीचीसुद्धा.
- 'पोरांकडे बघून तरी धीर धर' असली वाक्यं टाळ. ऐक, बस.
- चिठ्ठीमागे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिही. मोफत, चोवीस तास.

कोणी 'जगून काय करू' म्हणालं तर सरळ विचार, 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलतं होतं. 'हो' आलं तर एकटं सोडू नकोस, गुपितही ठेवू नकोस. घरच्यांना घेऊन बांबोळीच्या मनोरुग्णालयात ने. अगदी तातडीचं असेल तर ११२.

बाकीचं प्रशिक्षण वगैरे नंतर बघू. पहिल्या फेरीला सोबत हवी असेल तर सांग, मी डिचोलीहून येईन.