कोटिंगचं संशोधन, म्युनिक आणि मुलीची चौथी

तुमचा प्रश्न वाचला. पुण्यातली पीएचडी, जेट इंजिनच्या कोटिंगचा अनुभव, आठ वर्षांची मुलगी, आणि अमेरिका की जर्मनी हा पेच. ब्लू कार्ड (युरोपात राहून नोकरी करण्याचा परवाना), पदवीची मान्यता वगैरे माहिती सरकारी संकेतस्थळांवर नीट आहे, ती इथे देत नाही.

कामाचं म्हणाल तर आपल्या विषयाला सध्या बहर आहे. निकेलचा सुपरॲलॉय, म्हणजे इंजिनच्या गरम भागातला उष्णता सोसणारा मिश्रधातू, साधारण 1350 अंशांना वितळू लागतो आणि टर्बाइनमध्ये शिरणारा वायू त्याहून बराच गरम असतो. टर्बाइनचं पातं तगतं ते आतून खेळवलेल्या हवेवर आणि अंगावरच्या झिर्कोनिया या सिरॅमिकच्या थरावर. या थराचा वैरी म्हणजे हवेबरोबर इंजिनात शिरणारी धूळ. 1200 अंशांच्या आसपास ती वितळते, फटींत झिरपते, आणि इंजिन थंड होताना थराचे पोपडे सुटतात. गॅडोलिनियम झिर्कोनेट हे कोटिंगचं नवं सिरॅमिक त्या वितळलेल्या धुळीशी अभिक्रिया करून तिला वरच्यावर गोठवतं. मी यातच रमलोय. सिलिकॉन कार्बाइडचं कंपोझिट (धागे घालून मजबूत केलेलं सिरॅमिक) तर निकेलच्या जेमतेम एक तृतीयांश घनतेचं. लीप नावाच्या जेट इंजिनातून ते 2016 पासून प्रवासी विमानांत उडतंय. गरम वाफ त्यालाही झिजवते, म्हणून त्यावर वेगळं कवच चढवावं लागतं. तिथे अजून पुष्कळ काम बाकी आहे.

अमेरिकेत विद्यापीठातलं, छापून येणारं संशोधन बहुतेक खुलं असतं. कंपनीत मात्र इंजिनच्या गरम भागाचं नियंत्रित तंत्रज्ञान परदेशी माणसाला दाखवणं हीसुद्धा निर्यातच धरतात. ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत तिथली कितीतरी दारं बंद. मी जर्मनी निवडली ती त्यामुळे.

एकटेपणाचं विचारलंत. पहिला हिवाळा जड जातो, मग माणसं भेटतात. त्याची काळजी करू नका.

काळजी करा ती शाळेची. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतच मुलांची वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तरच थेट गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इथे 1 म्हणजे सर्वोत्तम. माझी मुलगी तिसरीत असताना आम्ही आलो. गणितात ती पुढे होती, पण गणिताचे शाब्दिक प्रश्नही जर्मनमध्येच. पहिलीपासून इथे न शिकलेल्या परभाषिक मुलांना या अटीत सवलत मिळू शकते, हे शाळेने आम्हाला सांगितलंच नाही. प्रवेश होऊन गेल्यावर दुसऱ्या एका पालकांकडून कळलं. दहा वर्षांच्या मुलीला मैत्रिणी वेगळ्या शाळेत जाताना बघावं लागलं. आज ती छान शिकतेय, स्वतःच्या जिद्दीवर पुढे गेलीय, आणि तो विषय काढत नाही. माझ्या मनातून मात्र जात नाही. प्रयोगशाळेत सगळं मनासारखं चाललेलं असतानाही ते वर्ष आठवलं की राग येतो.

तेव्हा मुलीला चौथीआधी जास्त वेळ मिळावा म्हणून, करारावर सही करण्याआधी रुजू होण्याची तारीख अलीकडे आणता येते का, विचारा. मुलीचं जर्मन पुण्यातच, या महिन्यापासून सुरू करा. इथे आल्यावर वर्गशिक्षकांना पहिल्याच भेटीत सवलतीबद्दल विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया या दुसऱ्या जर्मन राज्यातून बोलावणं आलं तर तेही गंभीरपणे बघा. तिथे शाळेची शिफारस पालकांवर बंधनकारक नसते, आणि जर्मन एरोस्पेस सेंटरची मटेरियलवर संशोधन करणारी संस्थाही तिथेच, कोलोनला आहे.