पीटरसनचं नाव जपून घे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज शुक्रवारी रात्री वाचला. सोमवारचा पहिला पेशंट एकोणीस वर्षांचा रनिंग बॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळणारा), एसीएल आणि एमसीएल ही गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारी दोन्ही लिगामेंट्स गेलेली, ऑपरेशनला नऊ दिवस झालेले. ‘पहिल्यासारखा पळेन का, असं तो विचारणारच. काय सांगू? पीटरसनचं उदाहरण देऊ का?’ तिथल्या तिथे ‘नको’ एवढंच लिहून मोकळी होणार होते. पण का नको, हे दोन ओळींत मावणार नाही, म्हणून रविवारचा चहा घेऊन बसले आहे. (आणि ते ‘मॅडम’ आता सोड. सांगलीहून इथे ओहायोत येऊन फिजिओ म्हणून नोकरीला लागलास, बरोबरीचा झालास. ताई म्हण.)

तू पीटरसन पाहिलास तो यूट्यूबवर. मी त्याचा 2012 चा सगळा हंगाम दर रविवारी पाहिला आहे. 24 डिसेंबर 2011 ला वॉशिंग्टनविरुद्ध खेळताना एड्रियन पीटरसनचा डावा गुडघा गेला. तुझ्या पोराचं गेलंय तेच, एसीएल आणि एमसीएल. 30 डिसेंबरला ऑपरेशन झालं. 9 सप्टेंबर 2012 ला तो मिनेसोटा व्हायकिंग्जकडून पहिल्याच सामन्यात उतरला आणि 84 यार्ड पळून दोन टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) करून गेला. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर 2,097 यार्ड होते. एरिक डिकरसनचा 1984 चा 2,105 यार्डांचा विक्रम मोडायला नऊ यार्ड कमी पडले. शेवटचा सामना 30 डिसेंबरला होता, ऑपरेशनला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, आणि त्यात तो 199 यार्ड पळाला. त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू, अर्थात तोच.

बघताना मी टाळ्या वाजवल्या. नंतर कित्येक वर्षं त्याची किंमत मोजली.

पुढच्याच वर्षी माझ्याकडे शाळेच्या संघातला एक सतरा वर्षांचा रनिंग बॅक आला. उमेद वाटावी म्हणून पहिल्याच दिवशी मी त्याला पीटरसनची गोष्ट सांगितली. अगदी रंगवून सांगितली. पोराने त्यातलं एकच उचललं, आठ महिने. सातव्या महिन्यात त्याचा गुडघा मला झकास वाटत होता. सूज नाही, तक्रार नाही. ऑगस्टच्या सराव शिबिरात दुसऱ्याच आठवड्यात ग्राफ्ट, म्हणजे एसीएलच्या जागी बसवलेला पट्टा, फाटलं. दुसऱ्या ऑपरेशननंतर त्याने मला सांगितलं, की माझ्याकडे यायच्या आधी तो गाडीत अर्धा तास गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसायचा, सूज दिसू नये म्हणून. आईला माहीत होतं, तिनेही काही सांगितलं नाही. चूक कुणाची म्हणशील? तारीख मी दिली होती. त्याने ती पाळली.

कुणाचंही नाव घेतलंस की त्याबरोबर त्याचं वेळापत्रकही पेशंटच्या खिशात जातं. पीटरसन परतला तो साडेआठ महिन्यांच्याही आत, आणि तुला मी सांगणार आहे की नऊच्या आत कुणाला सोडू नकोस. मग उदाहरण आपल्या बाजूचं की विरुद्ध?

आणि नावंच घ्यायची तर सगळी घे. साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा रनिंग बॅक मार्कस लॅटिमोर. 2011 मध्ये डाव्या गुडघ्याची एसीएल गेली, त्यातून तो उठला. 27 ऑक्टोबर 2012 ला उजवा गुडघा निखळला, एकाहून अधिक लिगामेंट्स तुटली. एकविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस होते. त्याला मैदानाबाहेर नेताना दोन्ही संघांचे खेळाडू भोवती जमले होते. तरीही 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी त्याला खेळाडू-निवडीच्या चौथ्या फेरीत घेतलं. मेहनत त्याने पीटरसनपेक्षा तसूभरही कमी केली नसेल. पण एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, एकही सामना न खेळता 2014 च्या नोव्हेंबरात तो निवृत्त झाला. दोघांची गोष्ट एकाच हंगामातली, 2012 ची. ही दुसरी तू पोराला सांगशील? नाही ना. मग पहिलीही सांगू नकोस.

फ्रँक गोरचे तर कॉलेजात असतानाच दोन्ही गुडघे एकामागून एक गेले होते. तो पुढे एनएफएलमध्ये सोळा हंगाम खेळला आणि बरोबर 16,000 यार्ड पळाला. सेक्वॉन बार्कलीची एसीएल 20 सप्टेंबर 2020 ला शिकागोत गेली. परतल्यावरच्या 2021 च्या हंगामात 593 यार्ड, तेव्हा लोक म्हणाले संपला. 2022 मध्ये 1,312. 2024 मध्ये फिलाडेल्फियाकडून 2,005. गुडघ्याला उत्तर द्यायला वर्ष लागतं की चार, हे नऊ दिवसांच्या टाक्यांवरून कोण सांगणार?

निक चबबद्दल मात्र जरा थांबून लिहिते. क्लीव्हलँड इथून तासाभरावर आहे आणि आमच्या वेटिंग रूममधले अर्धे लोक त्याच्या नावाचा शर्ट घालून येतात. 10 ऑक्टोबर 2015 ला नॉक्सव्हिलमध्ये, कॉलेजात असताना, जॉर्जिया विद्यापीठाच्या आक्रमणाच्या पहिल्याच खेळीत त्याचा डावा गुडघा निखळला. पीसीएल, एमसीएल, एलसीएल ही तिन्ही लिगामेंट्स गेली, एसीएल वाचली. पुढच्या सप्टेंबरात पहिल्या सामन्यात तो 222 यार्ड पळाला. मग क्लीव्हलँड ब्राउन्स, 2022 मध्ये 1,525 यार्ड, सगळं छान. 18 सप्टेंबर 2023, पिट्सबर्गचा सामना. पुन्हा तोच डावा गुडघा. प्रसंग इतका वाईट होता की टीव्हीवाल्यांनी तो परत दाखवला नाही. मी तेव्हा घरी भाकऱ्या करत होते. नवऱ्याने नुसतं ‘अगं’ म्हटलं आणि मला कळलं. त्या वेळी दोन ऑपरेशनं झाली, एक सप्टेंबरअखेर आणि एसीएलचं नोव्हेंबरात. तेरा महिन्यांनी, 20 ऑक्टोबर 2024 ला, तो परत उतरला. अकरा वेळा चेंडू घेतला आणि 22 यार्ड मिळाले. टचडाऊन मात्र केला, आणि आख्खं स्टेडियम उभं राहिलं. डिसेंबरात पाऊल मोडलं. 2025 मध्ये ह्यूस्टनला गेला.

आता सांग, चब बरा झाला की नाही? माझ्या हिशेबी झाला, दोन्हीदा. पण एका धावेमागे पाच यार्डांहून जास्त काढणारा माणूस त्या हंगामात तीनच्या आसपास आला होता. गुडघा बरा होणं आणि रनिंग बॅक म्हणून पहिल्यासारखा होणं ही दोन खाती आहेत. पेशंट दुसऱ्याबद्दल विचारतो, आपण पहिल्याबद्दल उत्तर देतो, आणि दोघांनाही वाटतं बोलणं झालं.

रनिंग बॅक तुला कबड्डीतून समजला, असं तू मागे म्हणाला होतास. चांगलं आहे, तेच धर. चढाई करणारा मध्यरेषेकडे वळताना एका पायावर कसा थांबतो, आठव. पाऊल रोवलेलं, गुडघा थोडा वाकलेला आणि आत झुकलेला, वरचं धड मात्र दुसरीकडे निघालेलं. एसीएल जाते ती बहुधा याच क्षणी, पुष्कळदा कुणी हात न लावता. रनिंग बॅक हे एका सामन्यात वीस वेळा करतो, वर शंभर किलोचे गडी बाहेरून त्याच गुडघ्यावर येऊन आदळतात. कुठे वळायचं हे आधी ठरवून चालत नाही. फट दिसली की तिकडे. म्हणून आपल्या क्लिनिकमधल्या शंकूंभोवती सुंदर वळून दाखवणाऱ्या पोरावर माझा विश्वास बसत नाही. शंकू जागचे हलत नाहीत.

सोमवारी त्याला टेबलावर घ्यायच्या आधी सर्जनची ऑपरेशन नोट पूर्ण वाच. ‘एसीएल झाली’ एवढ्यावर थांबू नकोस. ग्राफ्ट कुठून घेतलं? वाटीखालच्या पट्ट्यातून घेतलं असेल तर वाटीचा पुढचा भाग दुखणार, गुडघे टेकवायला त्रास होणार, ते त्याला आधीच सांग. गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) शिवली आहे का? शिवली असेल तर भार किती टाकायचा आणि किती वाकवायचं, हे सर्जनकडून ठरवून घे, स्वतःच्या मनाने नको. एमसीएल टाके घालून शिवली की नुसती भरून येऊ दिली? एमसीएलवाला गुडघा आखडायला टपलेला असतो. आणि गुडघा निखळला होता का, हे विचारायला विसरू नकोस. निखळला असेल तर पाऊल वर उचलता येतं का, अंगठा हलतो का, ते आधी बघ. तिथली नस दुखावली असली तर गोष्टच वेगळी. गुडघ्यामागच्या रक्तवाहिनीचं काय झालं होतं, तेही नोटमध्ये शोध.

मग टॉवेल. माझं सगळं शहाणपण एका गुंडाळलेल्या टॉवेलात आहे, हसू नकोस. टाचेखाली टॉवेलाची वळकटी ठेव आणि गुडघा मोकळा सोडायला सांग. गुडघ्यामागे तुझी बोटं जातायत का? दुसऱ्या पायाशी ताडून बघ. पोटावर झोपवून दोन्ही पाय टेबलाबाहेर सोडलेस तर टाचांच्या उंचीतला फरक टेपने मोजता येतो, साधारण सेंटीमीटरला एक अंश. वाकवणं मागाहून येईल. पाय सरळ होणं पहिल्या काही आठवड्यांत हातचं गेलं तर वर्षभर पस्तावशील, आणि अर्धवट वाकलेल्या गुडघ्यावर कुणी पळत नाही.

त्यानंतर मांडी. त्याला सांग, ‘वाटी वर ओढ.’ तो मांडीकडे टक लावून बघेल आणि काहीच होणार नाही. वजनाच्या ढिगाखाली स्क्वॉट मारणारा पोरगा, आणि स्वतःची मांडी ऐकत नाही. इथे पुष्कळ जण रडतात. टाके घालतानाही रडलेले नसतात असे. त्याला समजावून सांग, की सांध्यात सूज असली की मेंदू त्या स्नायूचा आवाज बारीक करतो, स्नायू मेलेला नाही. करंटचं मशीन लाव, दुसऱ्या पायाने करून दाखवायला लाव, हात ठेव. वाटीच्या वर आतल्या बाजूला पहिली थरथर आली की त्याचाच हात तिथे नेऊन ठेव. सोमवारी एवढं साधलं तर तुझं काम झालं. मांडीचा घेर वाटीपासून दहा सेंटीमीटरवर मोजून लिहून ठेव. पुढे हाच आकडा कामाला येतो.

सगळ्यात लबाड काळ पुढे आहे, सहाव्या ते बाराव्या आठवड्यातला. सूज उतरलेली, दुखणं थांबलेलं, पोरगा जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढतोय, आणि आत ग्राफ्ट नेमकं सगळ्यात कच्चं. बसवलेला पट्टा आधी मरतो, मग त्यात हळूहळू रक्तवाहिन्या शिरतात आणि तो लिगामेंटसारखा होऊ लागतो. हे त्याला पहिल्या आठवड्यातच चित्र काढून दाखव. ‘जेव्हा छान वाटेल तेव्हा मला सगळ्यात जास्त घाबर,’ असं मी सांगते.

पुढचं थोडक्यात. पळणं तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या आसपास, तेही सूज आणि ताकद बघून. नऊ महिन्यांची रेघ मी हट्टाने पाळते. ओस्लो आणि डेलावेअरच्या पेशंटांवरचा 2016 चा अभ्यास तू वाचलाच असशील. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तेवढ्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने उतरत गेलं. पण नुसतं कॅलेंडर उलटून भागत नाही. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्के हवी, आणि ती मशीनवर मोजलेली, हाताने दाबून अंदाजलेली नाही. त्यातही एक खोच आहे. नऊ महिन्यांत चांगला पायही बसून-बसून अशक्त होतो, म्हणून दुबळ्याची दुबळ्याशी तुलना करून पास करू नकोस. त्या पायाचा आकडा आत्ताच, सुरुवातीलाच घेऊन ठेव. एका पायावरच्या उडीलाही फसू नकोस. कंबर आणि घोटा मिळून उडी मारून नेतात, गुडघा फुकट पास होतो. बाजूने व्हिडिओ घेऊन हळू करून बघ, म्हणजे चोरी दिसते.

कोच फोन करेल. फार गोड बोलेल. तारीख देऊ नकोस, आणि पेशंटने परवानगी दिल्याशिवाय तर अवाक्षरही नको. पोराच्या घरचेही विचारतील, कारण या जागेवर खेळणाऱ्याचं घड्याळ जरा पुढेच चालतं. एनएफएलमध्ये निवडून आलेल्याचा पहिला करार चार वर्षांचा, आणि सत्ताविशी उलटली की संघ रनिंग बॅकच्या बाबतीत हात आखडता घेतात. एक हंगाम गेला म्हणजे त्यांच्या लेखी फार गेलं. त्यांची घाई खोटी नाही, तिच्यावर चिडू नकोस. फक्त ती गुडघ्यापर्यंत पोचू देऊ नकोस.

आता तुझा प्रश्न. तो विचारेल, ‘पहिल्यासारखा पळेन का?’ तू खुर्ची ओढून त्याच्या समोर बस, उभ्याने उत्तर देऊ नकोस. म्हण, ‘पुष्कळ जण परत खेळतात. सगळे नाही, आणि परत आलेले सगळे पूर्वीइतके वेगवानही होत नाहीत. तू कुठल्यात बसशील, ते मला आज माहीत नाही. पुढच्या दोन आठवड्यांत तुझा पाय सरळ व्हायला हवा आणि ही मांडी जागी व्हायला हवी. दोन आठवड्यांनी मी याहून चांगलं उत्तर देईन.’ मग ते खरंच दे. दर दोन आठवड्यांनी, आकडे दाखवून, वाईट असले तरी. आणि बर्फाचं मी केलं नाही ते तू कर. सूज लपवलीस तरी ओरडणार नाही, असं पहिल्याच दिवशी कबूल कर, आणि अधूनमधून वेळ न सांगता त्याच्या जिममध्ये जाऊन गुडघ्यावरून हात फिरवून बघ.

तो स्वतःच पीटरसनचं नाव काढेल, हे धरून चाल. तेव्हा फक्त विचार, ‘त्याचा पाय नवव्या दिवशी किती सरळ होता, माहीत आहे?’ त्याला माहीत नसणार. मलाही नाही. लगेच टॉवेल काढ.

सोमवारी संध्याकाळी दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक कळव. आणि दिवाळीचा फराळ या वर्षी आमच्याकडेच, चकल्या मी करते, चिवडा तू आण.

तुझी,
ताई