प्रमाणपत्रावर सही करण्याआधी

पोलिसांच्या प्रशिक्षणवर्गाची जबाबदारी तुझ्याकडे आली, फार बरं वाटलं. फक्त हजेरी मोजून आणि शेवटी वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवून घेऊन प्रमाणपत्रं वाटायची सवय लावून घेऊ नकोस.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं. जप्त मालाची यादी आणि पंचांच्या सह्याही त्यात आल्या. हे कलम घडाघडा म्हणणारा प्रशिक्षणार्थी प्रत्यक्षात मोबाइल कधी सुरू करतो? अर्धं कपाट उपसून झाल्यावर! म्हणून परीक्षा नमुना खोलीत घे. हातात मोबाइल आणि माल सीलबंद करायला लाख, सुतळी दे, दोन पंच उभे कर आणि पंचनामा पूर्ण करायला लाव. मग भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राचा भाग अ भरून घे. हॅश व्हॅल्यूचा, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे पडताळायच्या सांकेतिक आकड्याचा, रकाना कोरा राहिला, तर तो उत्तीर्ण नाही. बचाव पक्षाचे वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात.

शिकवणाऱ्यानेच गुण देऊ नयेत. दुसऱ्या केंद्रातला निदेशक किंवा सरकारी अभियोक्ता बोलाव. वरिष्ठ कुरकुरतील, तरी आग्रह सोडू नकोस. नापास झालेल्याला त्या कौशल्यापुरती पुन्हा संधी दे.

प्रमाणपत्रावर ‘कोर्स पूर्ण’ एवढंच नको. काय करून दाखवलं ते लिही आणि ते किती काळ ग्राह्य राहील, ती मुदत घाल. काही महिन्यांनी त्या प्रशिक्षणार्थीच्या प्रभारी अधिकाऱ्याला फोन करून विचार, पंचनामा एकट्याने जमतो का? उत्तर नोंदवून ठेव आणि पुढच्या तुकडीचे तास त्यावरून ठरव.