एपिड्यूरलने सिझर होतं का, कंबर कायमची जाते का?

ताई, जाऊबाईंची पहिली खेप, लातूरच्या डॉक्टरांनी कळांचं दुखणं कमी व्हावं म्हणून एपिड्यूरल (पाठीत सुईने बारीक नळी बसवून तिच्यातून बधिर करणारं औषध देणं) सुचवलंय आणि सासूबाई म्हणतात, त्याने सिझरच होतं, कंबरही कायमची जाते.

कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते; तिच्या २०१८ च्या आढाव्यात ४० चाचण्या होत्या, ११ हजारांवर बायका. एपिड्यूरलमुळे सिझर वाढलेलं दिसलं नाही, जुनाट कंबरदुखीही नाही. टोचल्या जागी चार दिवस ठणकतं, तेवढंच.

पण सासूबाईंची भीती अगदीच हवेतली नाही. पूर्वी बुपिवॅकेन हे बधिर करणारं औषध ०.२५ टक्क्यांचं द्यायचे. पाय जड पडायचे, जोर लागायचा नाही, मग चिमटा लावावा लागायचा. ब्रिटनमधल्या २००१ च्या कॉमेट चाचणीत त्या जुन्या पद्धतीत ३५ टक्के बायका आपसूक बाळंत झाल्या, सौम्य डोसात ४३ टक्के. म्हणून 'एपिड्यूरल देता का' एवढंच विचारू नका, औषध किती टक्क्यांचं ते विचारा. ०.१ टक्का किंवा त्याहून कमी, सोबत दर मिलीला २ मायक्रोग्रॅम फेंटानिल (तीव्र वेदनाशामक), हे उत्तर आलं तर ठीक.

दुसरा प्रश्न माझ्या मते जास्त महत्त्वाचा: नळी बसवल्यावर थांबणार कोण? आपल्याकडे भूलतज्ज्ञ एका दवाखान्यातून दुसऱ्यात पळत असतात. डोस दिल्यावर पहिली वीस मिनिटं दर पाच मिनिटांनी बीपी बघावा लागतो. तो एकदम उतरला की बाळाचे ठोकेही मंदावतात. तेव्हा कुशीवर वळवून, सलाईन वाढवून, लागलं तर बीपी चढवायचं इंजेक्शन द्यायला माणूस जवळ हवा. नळी जास्त आत सरकली तर एकच बाजू बधिर होते, दुसरीकडे कळा तशाच. ती सेंटिमीटरभर मागे ओढली की बहुतेकदा जमतं, पण ओढायला कुणी तरी हवं ना! रात्री दोनला कोण असेल, हे आधीच ठरवून घ्या.

ताप येणं, लघवी अडकणं होतं, ते सांभाळता येतं. साधारण शंभरात एकीला सुई मज्जारज्जूभोवतीच्या आतल्या पडद्याला लागते. मग उठून बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की थांबतं. ते पित्त समजून घरी अंगावर काढू नका, भूलतज्ज्ञांना कळवा.

जाताना प्लेटलेटचा ताजा रिपोर्ट न्या, डेंगीच्या दिवसांत तर नक्कीच. ७० हजारांच्या खाली बहुतेक भूलतज्ज्ञ सुई घालत नाहीत. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असतील तर शेवटचं किती वाजता घेतलं तेही सांगा. एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम असेल तर मध्ये किमान १२ तास जावे लागतात, मोठा डोस असेल तर २४.